मुंबईची भरतीरेषा आणि पुण्याची निळी रेषा

मुंबईत फ्लॅट बघायला गेलं की एजंट म्हणतो सीआरझेडचं (म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं) टेन्शन नाही, पुण्यात मुठेकाठी गेलं की म्हणतो ब्लू लाइनच्या (म्हणजे नदीच्या निळ्या पूररेषेच्या) बाहेर आहे हो. दोन्हीकडे प्रश्न एकच, पाण्यापासून किती लांब बांधायचं. पण ती रेषा ठरते कशी हे बघितलं तर जमीन-अस्मानाचा फरक निघतो, आणि घर घेणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

समुद्राचं आधी बघू. सीआरझेडचे नियम पहिल्यांदा १९९१ ला आले, मग २०११ आणि २०१९ ला बदलले. मोजायला सुरुवात होते भरतीरेषेपासून, म्हणजे उधाणाला पाणी जमिनीवर जिथवर चढतं तिथून, आणि आत ५०० मीटरपर्यंत नियम लागतात. या सगळ्या पट्ट्यात बांधकाम बंद असं नाही, जुन्या वस्तीत सवलत आहे, कांदळवनाला कडक संरक्षण. उधाण येतं चंद्र-सूर्याच्या ओढीने, त्यामुळे भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं. खाडीत भरतीचा प्रभाव कुठवर धरायचा, तर पाण्याच्या खारटपणावरून! लिटरमागे साधारण ५ ग्रॅम मीठ असेल तिथपर्यंत (समुद्रात ३५ च्या आसपास असतं), आणि हे मोजायचं वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत, कारण पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खारं पाणी मागे रेटतं.

पुण्यात भरती नाही, सीआरझेड नाही. तिथे पूररेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल या पट्ट्यात अटी. आता इथे लोक फसतात, २५ वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निवांत असं नसतं हो, दर वर्षी ४ टक्के शक्यता असते, आणि २० वर्षांचं होमलोन फिटेपर्यंत निदान एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता होते तब्बल ५६ टक्के.

शिवाय ही रेषा जुन्या पावसाच्या आणि विसर्गाच्या आकड्यांवरून काढलेली असते. पात्रात राडारोडा टाकला, भिंती घातल्या, वरच्या टेकड्यांवर काँक्रीट झालं की तेवढ्याच क्युसेकला पाणी जास्त वर चढतं आणि नकाशावरची रेषा आहे तिथेच राहते. जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तिथल्या लोकांचे हाल बघून खरंच वाईट वाटलं. समुद्राची पातळीही वाढतेय, भरतीरेषाही सरकणार, पण ते वर्षाला काही मिलिमीटरने, नदीचं पात्र आपण दोन-चार वर्षांत आवळतो.

मुंबईच्या मिठी नदीवर तर दोन्ही हिशोब एकत्र येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवशी समुद्राला मोठी भरती, म्हणजे वरून नदी भरलेली आणि खाली तोंडाशी समुद्र पाणी घ्यायला तयार नाही.