एकपेशीय जीवांतील डीएनए मेथिलीकरण आणि जनुकांची देवाणघेवाण

डीएनएची ‘अक्षरे’ म्हणजे ए, टी, जी, सी हे चार क्षारक; त्यांतील ॲडेनीन (ए) किंवा सायटोसीन (सी) या क्षारकावर मेथिल गट हा छोटा रासायनिक गट बसणे म्हणजे मेथिलीकरण. यात क्षारकांचा क्रम तोच राहतो. जीवाणूंमध्ये या खुणेवरून स्वतःचा आणि परका डीएनए ओळखला जातो, त्यामुळे बाहेरून आलेले जनुक पेशीत टिकेल की नाही हे अनेकदा तिच्यावरच ठरते. अशी जनुके परिसरातील सुट्या डीएनएतून, दुसऱ्या जीवाणूशी झालेल्या जोडणीतून किंवा जीवाणुभक्षी विषाणूंमार्फत येतात.

ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूच्या काही वाणांतील इकोआरआय हे विकर ‘जीएएटीटीसी’ हा क्रम जिथे आढळेल तिथे डीएनए कापते. त्याच क्रमातील दुसऱ्या ॲडेनीनवर जोडीदार विकराने आधीच मेथिल गट बसवलेला असतो, म्हणून पेशीचा स्वतःचा डीएनए सुरक्षित राहतो. अशा कातर-विकरांच्या शोधासाठी व्हर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही व्यवस्था म्हणजे नुसती तटबंदी, असा समज पाठ्यपुस्तकांमुळे रुजला आहे. तो अपुरा आहे. न्यूमोनियाला कारण ठरणाऱ्या न्यूमोकॉकस या जीवाणूच्या काही वाणांत मेथिल खूण नसलेला ‘जीएटीसी’ क्रम कापला जातो, तर काहींत नेमका खूण असलेला. त्यामुळे एकाच विषाणूला दोन्ही प्रकारच्या वाणांत सहज पसरता येत नाही. हाच जीवाणू परिसरातून डीएनए घेतो तो मात्र एकेरी साखळीच्या रूपात, आणि तिला ही विकरे कापत नाहीत. शिवाय पहिल्या प्रकारच्या वाणांत एक खास विकर या एकेरी साखळीवरच मेथिल खूण उमटवते. विषाणूचा दुहेरी डीएनए तुटतो, पण उपयोगी पडू शकणारी जनुके आत येतात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू कसे घडतात, हे समजण्यासाठी हा बारकावा फार मोलाचा आहे.

पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेमध्ये के. साईकृष्णन यांच्या गटाने या विषयावर महत्त्वाचे काम केले आहे. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस जीवाणूतील एलएलएबीथ्री या विकराची रचना त्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. डीएनए कापणे आणि मेथिल गट बसवणे, ही दोन्ही कामे यात एकच प्रथिन करते. मेथिल खूण तेवढी एकाच साखळीवर बसते, त्यामुळे द्विगुणनानंतर, म्हणजे डीएनएची प्रत तयार झाल्यावर, काही जागा कोऱ्या (मेथिल खुणेविना) राहतात. तरीही पेशीचा डीएनए तुटत नाही, कारण समोरासमोर तोंड असलेल्या दोन कोऱ्या जागांवरून निघालेली विकरे धावत येऊन एकमेकांना भिडली तरच काप पडतो, आणि द्विगुणनातून उरलेल्या कोऱ्या जागांची तोंडे एकाच दिशेला असतात.