मोडलेल्या आवाजातही शब्द कसे टिकतात?

हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जे. सी. आर. लिकलायडर आणि आयर्विन पोलॅक यांनी माणसाच्या बोलण्यावर केलेले काही प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाले. बोलण्याचे विद्युत तरंग त्यांनी इतके छाटले, की त्यांतले सारे चढउतार जाऊन फक्त दोन पातळ्या उरल्या : शून्याच्या वर किंवा शून्याच्या खाली. ऐकू येणारा आवाज अतिशय कर्कश झाला, तरीही श्रोत्यांना त्यातले बरेचसे शब्द ओळखता आले. गाण्यासाठी ध्वनिमुद्रित केलेला आवाज मुद्दाम फाडणाऱ्या, चिरडणाऱ्या किंवा यंत्रासारखा करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. कारण आवाजाचे काय मोडले तरी चालते आणि काय मोडले की शब्दच हरवतात, हे त्यातून कळते.

आपला आवाज दोन टप्प्यांत घडतो. स्वरतंतू थरथरतात तेव्हा एक साधी घरघर निर्माण होते. पुरुषाच्या बोलण्यात तिची मूळ वारंवारता ११० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांच्या, आसपास असेल, तर तिच्याबरोबर २२०, ३३०, ४४० अशा पटींतले अधिस्वरही उमटतात. पुढे घसा, जीभ आणि ओठ यांच्या आकारामुळे यांतले काही पट्टे उठून दिसतात आणि काही दबतात. या उठावदार पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. ‘आ’ म्हणताना पहिले दोन फॉर्मंट साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झला असतात. ‘ई’ म्हणताना ते ३०० आणि २३०० हर्ट्झच्या जवळ जातात. सूर स्वरतंतू ठरवतात, तर स्वराक्षर मुखाची पोकळी ठरवते. निसर्गात या दोन गोष्टी एकाच देहाला बांधलेल्या असतात आणि स्टुडिओत त्या वेगळ्या करता येतात. आवाजावरचे बहुतेक नवलाचे संस्कार या फारकतीतूनच जन्मले आहेत.

डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्याचे, उदाहरण पाहू. तरंगाचे शेंडे छाटले की मुळात नसलेले अधिस्वर तयार होतात आणि आवाजाला खरखरीत धार येते. पण छाटणी सगळ्यांत बलवान घटकाच्या तालावर होते, आणि गाण्यात हा घटक बहुधा खालच्या पट्टीत असतो. त्यामुळे वरच्या पट्टीतले, अर्थ वाहून नेणारे नाजूक घटक त्याच्याखाली दडपले जातात. लिकलायडर आणि पोलॅक यांनी छाटणीच्या आधी वरच्या वारंवारता उचलल्या, तेव्हा शब्द कितीतरी अधिक स्पष्ट ऐकू आले. म्हणून डिस्टॉर्शनच्या प्लग-इनआधी (प्लग-इन म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) खालचा भाग फिल्टरने कमी करावा, ‘स’ आणि ‘श’ यांचा सीत्कार आधीच आवरावा आणि फाटलेल्या आवाजाची अतिटोकदार धार नंतरच्या फिल्टरने बोथट करावी. दोन गायकांचे आवाज एकत्र करून छाटले तर त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्या मिसळून नुसता चिखल होतो. तेव्हा प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे फाडावा. मूळ स्वच्छ ट्रॅक मात्र जपून ठेवावाच, कारण छाटून गेलेले शेंडे जसेच्या तसे परत मिळवता येत नाहीत.

स्वरतंतूंची घरघरच बदलून टाकणारे यंत्र म्हणजे व्होकोडर. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी ते विकसित केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून बोलणे कमी जागेत पाठवावे, हा हेतू होता. १९४३पासून याच तत्त्वावरच्या ‘सिगसॅली’ या प्रचंड यंत्रणेने लंडन आणि वॉशिंग्टन यांच्यातली युद्धकालीन गुप्त संभाषणे वाहून नेली. तिचा लंडनमधला संच सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात होता. संगीतकारांनी हे यंत्र हाती घेतले ते बऱ्याच नंतर. व्होकोडर आवाजाचे अनेक पट्ट्यांत विभाजन करतो, प्रत्येक पट्ट्यातला जोर क्षणोक्षणी मोजतो आणि तोच जोर सिंथेसायझरच्या सुरावर लादतो. सूर वाद्याचा आणि उच्चार माणसाचा, असा संकर त्यातून होतो. यासाठी वाद्याचा सूर अधिस्वरांनी भरलेला लागतो. बासरीसारखा नितळ सूर दिला तर शब्द उमटतच नाहीत, कारण जे मुळात नाही ते कोणताही फिल्टर उचलू शकत नाही.

जुन्या काळी टेपचा वेग बदलून मात्र ही फारकत साधत नसे. निम्म्या वेगाने ध्वनिमुद्रण करून पूर्ण वेगाने वाजवले की सूर एक सप्तक चढे, फॉर्मंटच्या वारंवारताही दुप्पट होत आणि गायक चिमुकल्या प्राण्यासारखा वाटे. आज सूर तसाच ठेवून केवळ फॉर्मंट खाली सरकवता येतात. गाणे तेच राहते, पण गाणाऱ्याचा देह मोठा झाल्याचा भास होतो.

ऑटो-ट्यूनची कथा आपल्या गायकीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तेलसाठ्यांच्या शोधात भूकंपीय लहरींचे विश्लेषण करणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी तसेच गणित आवाजाचा सूर मोजण्यासाठी वापरले आणि १९९७ साली हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. बेसूर जागा नकळत सुधारणे हा त्याचा उद्देश होता. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात सूर दुरुस्त करण्याचा वेळ जाणूनबुजून शून्यावर आणला गेला आणि आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर झटक्यात उडी मारू लागला. हाच संस्कार मराठी भावगीतातल्या मींडेवर केला, तर सलग घसरत जाणाऱ्या स्वररेषेच्या जिन्यासारख्या पायऱ्या होतात आणि वाटेतल्या श्रुती पुसल्या जातात. लांब, स्थिर लावलेल्या सुरावर मात्र त्याचा परिणाम क्वचितच जाणवतो, कारण तिथे आवाज ठरलेल्या जागेच्या जवळच असतो. यंत्राचा ठसा उमटतो तो सुरांच्या मधल्या प्रवासात. म्हणून सपाट गाणाऱ्यापेक्षा मींड आणि गमक घेणाऱ्याच्या आवाजावर हा संस्कार अधिक ठळक होतो, आणि तो कोणत्या ओळीवर करायचा व कोणती ओळ तशीच सोडायची, हे गायकाला जवळ बसवून ठरवणे मला योग्य वाटते.