मूल हरवले तर चोवीस तास थांबावे लागत नाही

‘मूल हरवल्याची तक्रार पोलीस चोवीस तास उलटल्याशिवाय घेत नाहीत’ ही समजूत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पसरलेली आहे. तिला कायद्याचा कोणताही आधार नाही आणि ती घातक आहे, कारण शोधाचे सर्वांत मोलाचे तास तिच्यामुळे वाया जातात.

सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संघटनेच्या याचिकेवर 10 मे 2013 रोजी स्पष्ट निर्देश दिले, की हरवलेल्या मुलाबाबत तक्रार येताच, अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असे प्रथमदर्शनी गृहीत धरून, पोलिसांनी प्रथम खबर अहवाल (एफआयआर) नोंदवून तपास सुरू करावा. म्हणूनच बातम्यांत ‘अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरणाचा गुन्हा’ असे वाचायला मिळते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 नुसार या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मूल स्वतःहून रागावून गेले असेल, हा अंदाज नोंद टाळण्याचे कारण ठरत नाही.

हद्दीचा प्रश्नही आड येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कोणत्याही पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे अपहरणासारख्या, ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर देता येते, आणि नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. मुलांसाठीचा 1098 हा मदत क्रमांकही अहोरात्र सुरू असतो.