झहीर खानचा वेग आणि 'मध्यमगती' हा शब्द

झहीर खानच्या आधी भारताकडे डाव्या हाताने वेगवान मारा करणारे फार झाले नाहीत. सत्तरच्या दशकात राजकोटहून आलेल्या एका गोलंदाजाने 39 कसोटींत 109 बळी घेतले, पण खेळपट्टी पाहून तो फिरकीही टाकत असे. त्यानंतर जे आले त्यांच्यापैकी कोणी मुळे धरली नाहीत. म्हणून ऑक्टोबर 2000 मध्ये नैरोबीला, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, झहीरने ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराचा यॉर्करवर त्रिफळा उडवला तेव्हा आपल्याकडे किती मोठी आशा बांधली गेली, हे आज सांगूनही कळायचे नाही.

श्रीरामपूरची मराठी शाळा, इंजिनिअरिंग सोडून गाठलेली मुंबई, मैदानावरचे क्लब क्रिकेट, चेन्नईची वेगवान गोलंदाजांची अकादमी आणि 1999-2000 च्या मोसमात मुंबई वा महाराष्ट्राऐवजी बडोद्याकडून रणजी पदार्पण, हा भाग क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. 2003 च्या विश्वचषकातले 18 बळी लोक विसरतात आणि अंतिम सामन्यातले पहिले षटक, ज्यात 15 धावा गेल्या, ते मात्र लक्षात ठेवतात. त्याच वर्षाअखेर ब्रिस्बेनला पाच बळी घेतले आणि लगेच मांडीच्या स्नायूने दगा दिला. पुढची दोन वर्षे दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत अशी गेली. 2006 च्या सुरुवातीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर संघातली जागाही गेली. स्विंग करणारे तरुण गोलंदाज रांगेत उभे होते.

इथून पुढची गोष्ट सांगताना आपली भाषाच आड येते. मराठी वर्तमानपत्रांत वेगवान, जलदगती, द्रुतगती, तेज हे चारही शब्द एकाच अर्थाने छापले जातात आणि त्यांच्या खाली एकच पायरी असते, मध्यमगती. इंग्रजी धावफलकाच्या परिभाषेत फास्ट आणि मीडियम यांच्या मध्ये फास्ट-मीडियम आणि मीडियम-फास्ट अशा दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. झहीर कायम फास्ट-मीडियममध्ये मोडला. आपल्याकडे मात्र तो 2000 मध्ये 'वेगवान' होता आणि 2006 नंतर अनेकांच्या तोंडी 'मध्यमगती' झाला. मैदानावर 'मीडियम पेसर' म्हणजे नवा चेंडू जुना करून फिरकीपटूंच्या हाती देणारा माणूस. हा शब्द चिकटला की गोलंदाजाची किंमत उतरते, आणि झहीरच्या बाबतीत ती विनाकारण उतरवली गेली असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण वेग त्याच्या हातून निसटला नव्हता, त्याने तो मोजूनमापून सोडला होता. 2006 चा उन्हाळा त्याने इंग्लंडमध्ये वूस्टरशर या काउंटी संघाकडून काढला. काउंटीच्या मोसमात सामन्यामागून सामना येतो, विश्रांती थोडी, चेंडू ड्यूक कंपनीचा, उठावदार शिवणीचा. रोज ताशी 140 किलोमीटरच्या पुढे जाण्याचा हट्ट धरला तर शरीर जुलैपर्यंत टिकत नाही. झहीरने गोलंदाजीआधीची धाव आखूड केली, वेग 130 च्या घरात आणला आणि मनगट व शिवण यांच्यावर भर दिला. पदार्पणाच्या सामन्यात दहा बळी मिळाले. एसेक्सविरुद्ध पहिले नऊच्या नऊ गडी त्याने बाद केले आणि दहावा झेल यष्टिरक्षकाकडून सुटला. काउंटी स्पर्धेत एकूण 78 बळी.

टीकाकारांचे म्हणणे असे की भारताने एक खरा वेगवान गोलंदाज गमावला आणि त्याच्या बदल्यात हुशार मध्यमगती मिळवला. त्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करतो. पाटा खेळपट्टीवर, चेंडू वळत नसताना, नुसत्या वेगाने फलंदाजाला मागे रेटण्याचा पर्याय त्याच्याकडे उरला नाही. पण आधीच्या झहीरकडे तो पर्याय किती दिवस शाबूत राहिला असता? दुखापतींनी त्याचे उत्तर दिलेच होते.

2007 ला ट्रेंट ब्रिजवर जे दिसले ते या निर्णयाचे फळ. यष्टीच्या दोन्ही बाजूंनी मारा, डावखुऱ्या सलामीवीरांसाठी राउंड द विकेट येऊन कधी आत, कधी बाहेर जाणारा चेंडू. झहीर फलंदाजी करत असताना इंग्लिश क्षेत्ररक्षकांनी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकल्या, तो प्रसंग गाजला आणि गोलंदाजी त्याखाली झाकली गेली. सामन्यात नऊ बळी, मालिकेत 18, आणि 1986 नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिकाविजय. त्याच्या 311 कसोटी बळींपैकी सुमारे दोन तृतीयांश परदेशातले आहेत.

जुना चेंडू तर त्याच्या हाती वेगळीच वस्तू व्हायचा. धावत येताना उजव्या हाताने तो चेंडू झाकून आणत असे, म्हणजे चकाकती बाजू कुठल्या अंगाला आहे, आणि म्हणून चेंडू कुठे वळणार, हे फलंदाजाला कळू नये. शिवाय बोटे दुमडून, पेरांच्या आधाराने सोडलेला नकल बॉल. हात त्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र मागे राहतो. 2011 च्या विश्वचषकात बंगळूरला 339 चा पाठलाग करताना इंग्लंड 2 बाद 281 वर होते. झहीरने एका स्पेलमध्ये तिघांना बाद केले, त्यातले दोन लागोपाठच्या चेंडूंवर, आणि सामना बरोबरीत सुटला. त्या स्पर्धेत 21 बळी, संयुक्तपणे सर्वाधिक. अंतिम सामन्यातली त्याची पहिली पाच षटके 6 धावांची, त्यात तीन निर्धाव. उरलेल्या पाचांत 54 गेल्या, हेही नोंदवायला हवे.

त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सवर चौदावे षटक अर्धवट टाकून तो लंगडत बाहेर गेला. इंग्लंडविरुद्धची ती मालिका संघ 4-0 ने हरला. एका 'मध्यमगती' गोलंदाजाच्या जाण्याने मारा इतका उघडा पडला, यातच सगळे आले. पुढे तो परतला, वगळला गेला, 2013 अखेर जोहान्सबर्गला तीनशेवा बळी घेतला.

शेवटची कसोटी फेब्रुवारी 2014, वेलिंग्टन. वय पस्तीस. न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात त्याने 51 षटके टाकली आणि 170 धावांत पाच गडी बाद केले. समोरच्या कर्णधाराने त्रिशतक ठोकले. 302 वर यष्टीमागे झेल गेला, गोलंदाज झहीरच होता.