कडुलिंबाचा पाला गोड लागला म्हणजे विष चढलं?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आपल्या मराठवाड्यात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की आधी कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं. हे खरं नाही. सापाच्या विषाने कडू पाला गोड लागत नाही. पाला कडूच लागतो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी झोपतो.

मण्यारीचं तर फार वाईट. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. ना सूज, ना आग, दातांची खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, थुंकी गिळवत नाही. तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडायला लागलेले असतात.

मग मांत्रिकाकडचे लोक बरे कसे होतात? धामण, दिवड, तस्कर हे बिनविषारीच. विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो.

घोणस चावल्याची खरी परीक्षा दवाखान्यात होते. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग तिरपी करतात. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. घोड्यांच्या रक्तापासून बनलेली प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हातपाय न हलवता माणसाला गाडीत घाला, नाहीतर 108 ला फोन करा.