नेकेड स्पोर्ट्‌स मोटारसायकल : रस्त्यासाठी निवड

नेकेड स्पोर्ट्‌स मोटारसायकल म्हणजे इंजिन, चासी आणि ब्रेक स्पोर्ट्‌स बाइकच्या तोडीचे, पण वारा कापणारे प्लास्टिकचे आवरण, म्हणजे फेअरिंग, नसलेली गाडी. हँडल रुंद आणि उंच, बैठक बरीचशी ताठ, इंजिन उघडे. 'नेकेड' हा शब्द मराठीत जसाच्या तसा रुळला आहे. त्याचे शब्दशः भाषांतर कोणी करत नाही, करूही नये. खरे पाहता महाराष्ट्रात गावोगाव धावणारी प्रत्येक स्प्लेंडर आवरणाविनाच असते, पण तिला कोणी नेकेड म्हणत नाही. आवरण घातलेल्या गाड्या आल्या, तेव्हा कुठे न घातलेल्यांना वेगळे नाव लागले. प्रस्तुत नोंदीत साधारण १०० अश्वशक्तीच्या पुढच्या नेकेड गाड्यांचा, आणि मुख्यतः शर्यतीच्या ट्रॅकऐवजी रोजच्या रस्त्यासाठी त्यांतली कोणती घ्यावी याचा विचार केला आहे.

उगम

होंडाची सीबी७५० (१९६९) आणि कावासाकीची ९०३ सीसीची झेड१ (१९७२) या त्या काळच्या सर्वांत दमदार गाड्यांपैकी होत्या, आणि दोन्ही उघड्याच होत्या. सुझुकीच्या जीएसएक्स-आर७५० ने १९८५ साली शर्यतीच्या गाडीचे अंगभर आवरण शोरूममध्ये आणले आणि वेग म्हणजे फेअरिंग असे समीकरण झाले. पण अशी गाडी एकदा आडवी झाली की इंजिन शाबूत राहूनही नुसत्या प्लास्टिकचा खर्च डोळे पांढरे करी. ब्रिटनमधल्या तरुणांनी यावर सोपा तोडगा काढला. फुटलेले आवरण काढून टाकायचे, खाली वाकलेल्या क्लिप-ऑन हँडलच्या जागी सरळ हँडल लावायचे आणि गाडी तशीच फिरवायची. यातून 'स्ट्रीटफायटर' ही जात जन्मली. आज काही लाखांना विकली जाणारी ही ऐट मुळात काटकसरीतून आली, ही त्यातली गंमत.

कारखान्यांनी ती लवकरच उचलली. मिगेल गालुझ्झी यांनी आखलेली डुकाटीची मॉन्स्टर १९९२ मध्ये कलोनच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढच्या वर्षी बाजारात आली. हवेने थंड होणारे ९०४ सीसीचे इंजिन आणि नळ्यांची जाळीदार चौकट हे भाग कंपनीच्या इतर गाड्यांमधूनच घेतले होते. पुढे मॉन्स्टर मालिकेच्या साडेतीन लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ट्रायम्फची स्पीड ट्रिपल १९९४ ची. यामाहाची एमटी-०९ (२०१३), केटीएमची १२९० सुपर ड्यूक आर, बीएमडब्ल्यूची एस १००० आर (२०१४) आणि डुकाटीची २०८ अश्वशक्तीची स्ट्रीटफायटर व्ही४ (२०२०) यांनी या जातीला आजच्या पल्ल्यावर आणून ठेवले. शेवटच्या गाडीला तर पंख आहेत. ताशी २७० किमी वेगाला ते गाडीवर २८ किलोचा दाब टाकतात असे कंपनी सांगते. ज्या देशात दुचाकीची कमाल मर्यादा ८० आहे, तिथे हे पंख पार्किंगमध्ये पाहून घ्यावेत.

अश्वशक्ती आणि टॉर्क

गाडी निवडताना बहुतेक जण आधी अश्वशक्तीचा आकडा पाहतात. रस्त्यासाठी हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा. ताशी १०० किमी वेग नुसता टिकवायला अशा गाडीला १५ च्या आतबाहेर अश्वशक्ती पुरते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने, म्हणजे वेग दुप्पट तर त्यासाठीची शक्ती आठपट. शंभरावर उरलेली दीड-दोनशे अश्वशक्ती एकतर ताशी २०० किमीच्या पुढे कामी येते, नाहीतर त्या वेगाला पोचण्याची घाई करण्यात. ती सर्वोच्च शक्ती मिळते तीही इंजिन मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या मारत असताना. रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ ३,००० ते ७,००० च्या टापूत असते, आणि तिथे गाडी कशी ओढते हे टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, सांगतो. आपल्याकडे ज्याला 'पिकअप' म्हणतात ते हेच.

बीएमडब्ल्यूची जोडी याचे चांगले उदाहरण आहे. २००९ ची एस १००० आरआर ही आवरणवाली सुपरबाइक १३,००० फेऱ्यांना १९३ अश्वशक्ती देई आणि ९,७५० ला ११२ न्यूटन-मीटर टॉर्क. तेच इंजिन २०१४ मध्ये उघड्या एस १००० आर मध्ये बसवताना शक्ती १६० वर उतरवली, ती मिळण्याचे शिखर ११,००० वर आणले. टॉर्क ११२ चा ११२ राहिला, फक्त ९,२५० ला मिळू लागला. कागदावर ३३ अश्वशक्ती गेली, पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकमागून बाहेर पडताना हीच गाडी अधिक सरस ठरते. यामाहानेही २०२१ मध्ये एमटी-०९ चे इंजिन ८४७ वरून ८९० सीसीचे केले, तेव्हा शक्ती जेमतेम ४ ने वाढली. टॉर्कचे शिखर मात्र ८,५०० वरून ७,००० वर आले. खरी सुधारणा ही होती, आणि जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत ती बसत नाही.

इंजिनाच्या रचनेचा परिणाम याच टापूत जाणवतो. सरळ रेषेतल्या चार सिलिंडरचे इंजिन, उदाहरणार्थ कावासाकी झेड९०० चे ९४८ सीसीचे, रेशमासारखे मऊ फिरते आणि वर चढत जाईल तसे खुलते. दोन सिलिंडरची इंजिने खालून जोर देतात, पण उंच गिअरमध्ये फेऱ्या फार पडल्या तर चेन धडधडवतात. सुपर ड्यूकचे १३०१ सीसीचे व्ही-ट्विन चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गावातून काढताना बैलगाडीच्या चालीवर कुरकुरते. तीन सिलिंडर हा मधला मार्ग. खालचा जोर बराच, वरची धाव बरीच, आणि इंजिन अरुंद. ट्रायम्फची ७६५ सीसीची स्ट्रीट ट्रिपल आणि एमटी-०९ या दोन गाड्यांची रस्त्यावरची ख्याती मुख्यतः या रचनेमुळे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते एका गाडीत सगळे बघायचे असेल तर शोध इथून सुरू करावा.

थ्रॉटलचा, म्हणजे वेग देणाऱ्या मुठीचा, स्वभाव कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो. पहिल्या एमटी-०९ वर त्याबद्दल बरीच टीका झाली होती, कारण मूठ किंचित उघडली की गाडी झटका देई. आंबेनळीसारख्या घाटात, पोलादपूरकडून महाबळेश्वरला चढताना, केसाच्या पिनेसारख्या वळणात गाडी झुकलेली असते, वेग २० च्या आसपास, मूठ पूर्ण बंद. वळणाच्या मध्यावर ती उघडली की शून्यातून ओढ सुरू होण्याचा तो क्षण गुळगुळीत हवा. तिथे धक्का बसला तर गाडी वळणाबाहेर ढकलली जाते आणि समोरून एसटी येत असते. पुढची ११५ अश्वशक्ती त्या वेळी आठवतही नाही.

वजन, बैठक आणि वारा

स्ट्रीट ट्रिपल आरएसचे वजन इंधनासह १८८ किलो, झेड९०० चे २१२, सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, लावलेल्या कावासाकी झेड एच२ चे २३९. गाडी पळत असताना हा फरक विरून जातो. सोसायटीच्या उतारावर पाय टेकत ती मागे घेताना तो परत येतो. आसनाची उंची याच्याशी जोडलेली असते. स्ट्रीट ट्रिपल आरएसचे आसन ८३६ मिमी, स्ट्रीटफायटर व्ही४ चे ८४५. साडेपाच फुटांच्या माणसाचे अशा गाडीवर चवडेच टेकतात, त्यामुळे खड्ड्यात नेमका एक पाय पडला तर २०० किलो एका अंगावर येतात.

रुंद हँडलमुळे गाडी पटकन वळते आणि ताठ बैठकीमुळे मनगटांवर भार कमी येतो. त्याची किंमत वारा वसूल करतो. ताशी ११०–१२० किमीपर्यंत छातीवरचा वारा उलट अंगाला आधार देतो. त्यापुढे मान आणि खांदे थकू लागतात. शिवाय स्वार वाऱ्याने मागे ढकलला जातो, तोल हँडल धरून सावरतो, म्हणजे नकळत पुढचे चाक हलके करतो. जोरात वेग घेताना हँडल थरथरते ते अंशतः यामुळेच, आणि म्हणून बऱ्याच गाड्यांना ही थरथर शमवणारा स्टीअरिंग डॅम्पर बसवतात. रोज लांब पल्ला मारणाऱ्याने नेकेड घेऊच नये. त्याच इंजिनाची अर्धे आवरण असलेली टूरिंग भावंडे असतात.

उष्णतेचाही विचार हवा. आवरण नसल्यामुळे गरम हवा अडकून राहत नाही हे खरे, पण लिटरभराचे इंजिन मे महिन्यात सिग्नलला उभे राहिले की पंखा सुरू होतो आणि ती हवा मांड्यांवर येते. व्ही आकाराच्या इंजिनांत मागचे सिलिंडर स्वाराच्या अगदी खालीच असतात. काही व्ही४ इंजिने त्यामुळे गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद ठेवतात.

सस्पेन्शन, टायर, इलेक्ट्रॉनिक्स

महागड्या आवृत्तीत सोनेरी फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे सस्पेन्शन, असतो आणि तो बहुधा शर्यतीसाठी ताठ बसवलेला असतो. गुळगुळीत रस्त्यावर तो सुखाचा. पावसाळ्यानंतरच्या ताम्हिणीत तोच दर खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोचवतो. म्हणून स्प्रिंगचा ताण आणि डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरण्याचे प्रमाण, बदलता येणे हे ब्रँडच्या नावापेक्षा महत्त्वाचे, आणि ते बदलून घेणे त्याहून. कारखान्यातून गाडी कुठल्या तरी सरासरी वजनाच्या स्वारासाठी जुळवून येते. ६० किलोचा आणि ९५ किलोचा असे दोघेही ती तशीच वर्षानुवर्षे चालवत राहतात.

टायर बहुधा पुढे १२०/७० आणि मागे १८० किंवा १९० रुंदीचे, १७ इंची. मऊ रबराचे स्पोर्ट टायर काही हजार किलोमीटरमध्ये मध्यभागी सपाट होतात, आणि ओल्या थंड रस्त्यावर ते तापतच नाहीत. कोकणात पावसात उतरणाऱ्याने स्पोर्ट-टूरिंग प्रकारचे टायर घालावेत.

भारतात १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, पण साधे एबीएस गाडी सरळ उभी आहे असे गृहीत धरते. सहा अक्षांचा संवेदक गाडी किती झुकली आहे हे मोजतो आणि त्यानुसार ब्रेक व मागच्या चाकाला जाणारा जोर आवरतो. बजेटमध्ये क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर आणि हा संवेदक यांत एकच बसत असेल तर संवेदक घ्यावा.

परवाना, कर आणि चाकण

युरोपात नवशिक्याला थेट मोठी गाडी मिळत नाही. ए२ परवान्यावर ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती, ही मर्यादा असते. भारतात अशी पायरी नाही. गिअरच्या दुचाकीचा एकच परवाना, आणि तो १०० सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून मिळवलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी २०८ अश्वशक्तीवर कायदेशीर बसू शकतो. कायद्याने न घातलेली पायरी स्वतः घालून घेणे शहाणपणाचे, आणि ती पायरी पुणे जिल्ह्यातच तयार होते. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या छोट्या ड्यूक बनतात (२०० ड्यूक २०१२ मध्ये आणि ३९० ड्यूक २०१३ मध्ये भारतात आली) आणि ट्रायम्फची स्पीड ४०० देखील (२०२३). ३९० ड्यूक युरोपच्या ए२ मर्यादेत बसते आणि तिकडे निर्यातही होते. म्हणजे जर्मनीतला नवशिका चाकणच्या गाडीवर शिकतो.

कराच्या बाबतीत रेषा ३५० सीसीवर आहे. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरच्या दुचाकींना ४० टक्के जीएसटी लागतो. थर्ड पार्टी विम्याचा सर्वांत वरचा गटही ३५० पासूनच सुरू होतो. दुसरीकडे, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू या ठिकाणी दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे राज्यातले सर्वांत चांगले सरळ रस्ते या गाड्यांना बंद, आणि उरतात घाट. त्यासाठी ७०० ते ९५० सीसीची गाडी पुरून उरते.

पाहणी

चालवून पाहताना इंजिन थंड असतानाच यावे. विक्रेत्याने आधी तापवून ठेवले असेल तर सुरू होण्यातली खोट दिसत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच न दाबता रिक्षाच्या मागे संथ चालवावी, मग गतिरोधकावरून न्यावी, मग ज्याला मागे बसवायचे त्याला बसवावे. या गाड्यांचे मागचे आसन म्हणजे बहुधा तळहाताएवढी गादी असते.

जुनी गाडी घेताना नेकेडचा एक फायदा असा की पडल्याच्या खुणा प्लास्टिकखाली झाकता येत नाहीत. हँडलची टोके, लिव्हरचे शेंडे, इंजिनाच्या झाकणांच्या कडा, फूटरेस्टचे टोक आणि रेडिएटरचे कान पाहावेत. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे थांबते, तिथल्या थांब्यावर ठेचल्याची खूण असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे. परराज्यातली असल्यास एनओसी आणि इथला रोड टॅक्स यांचा हिशेब किमतीत धरावा. मूळ सायलेन्सर सोबत मागून घ्यावा, कारण बदललेल्या सायलेन्सरवर पोलीस दंड करतात आणि जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. साडीगार्डही मागावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या चाकाची निम्मी बाजू झाकणारे संरक्षण आवश्यक असल्याने युरोपात आखलेल्या या गाड्याही भारतात तो लोखंडी पिंजरा लावून येतात. पहिला मालक तो पहिल्याच आठवड्यात काढतो, आणि तो घरच्या माळ्यावर जुन्या कुलरशेजारी सापडतो.