तरंगता बर्फ आणि पाण्याची पातळी: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

तरंगणारा बर्फ वितळला तरी पाण्याची पातळी बदलत नाही, हे उत्तर शाळेत एका वाक्यात मिळते. त्यामागचा नियम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला आहे. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने दाखवले, की द्रवापेक्षा हलका पदार्थ इतकाच बुडतो, की त्याने बाजूला सारलेल्या द्रवाचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाएवढे भरते. हे मांडणारा त्याचा ग्रंथ युरोपला १२६९ साली लॅटिन भाषांतरातून मिळाला. मूळ ग्रीक मजकूर १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडला, खरडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रावर.

मधल्या काळात बर्फ मुळात कशामुळे तरंगतो, यावरच वाद होता. १६११ साली फ्लॉरेन्समधल्या ॲरिस्टॉटलपंथी विद्वानांचे म्हणणे असे, की बर्फ म्हणजे आकसलेले पाणी आणि तो तरंगतो केवळ रुंद, चपट्या आकारामुळे. गॅलिलिओने १६१२ च्या पुस्तकात हे खोडून काढले: गोठताना पाणी आकसत नाही, विरळ होते. या वादाचा निकाल लागला नसता, तर पातळीचा प्रश्न नीट मांडताही आला नसता.

हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम बर्फाचे आकारमान सुमारे १०९ मिलिलिटर. गोड्या पाण्यात त्यातले १०० मिलिलिटर बुडलेले राहते, ९ वर. वितळल्यावर पाणी होते १०० मिलिलिटर, म्हणजे बुडलेल्या भागाएवढेच. वर दिसणारा तुकडा जास्तीचे पाणी नव्हे. गोठताना पाणी जेवढे फुगले, तेवढी ती जागा.

पण हा हिशेब बर्फ खरोखर तरंगत असेल तरच लागू पडतो. पाणी कमी असून बर्फ तळाला टेकला असेल, तर तो वितळताना पातळी चढते. ३०० ग्रॅम बर्फात २७ ग्रॅमचा, १० मिलिलिटर आकारमानाचा दगड गोठवला, तर पातळी उतरते: बर्फासोबत तरंगताना दगड २७ मिलिलिटर पाणी सारत होता, तळाशी गेल्यावर फक्त १०. आतल्या हवेच्या बुडबुड्याने मात्र काही फरक पडत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहिली ती मिठाची बाब. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, म्हणून १०० ग्रॅम गोडा बर्फ तिथे ९७.६ मिलिलिटरच पाणी सारतो, आणि वितळून १०० होतो. पातळी थोडी चढते. पीटर नोर्डलिंगर आणि के ब्रोअर या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हे गणित जगाच्या पातळीवर मांडले: समुद्रावरचा सगळा तरंगता बर्फ वितळला, तर वाढ सुमारे ४ सेंटिमीटर.

हा २.४ मिलिलिटरचा फरक पेल्यात दाखवायला जाणारे बहुतेक जण तापमानाने फसतात. अर्धा लिटर गोडे पाणी ४ अंशांवरून ३० अंशांवर गेले, तर तेवढ्यानेच ते सुमारे २.२ मिलिलिटर फुगते. खारे पाणी त्याहून जास्त. म्हणून पाणी आधीच गार करून घ्यावे, अरुंद मोजनळी वापरावी आणि शेवटचा तुकडा विरघळताच नोंद घ्यावी. भांडे तासभर ठेवून नव्हे. संपृक्त मिठाच्या पाण्यात (घनता सुमारे १.२) फरक साधारण १६ ते १७ मिलिलिटरवर जातो, तेव्हा शंकेला जागाच उरत नाही.

समुद्रपातळीची खरी चिंता जमिनीवरच्या बर्फाची आहे, आणि दोन्ही प्रकारचे बर्फ एकमेकांत गुंतलेले आहेत. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला जोडलेले तरंगते थर मागच्या हिमनद्यांना थोपवून धरतात. हिमनदीतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी १९७८ मध्येच पश्चिम अंटार्क्टिकाबाबत हे थर तुटण्याचा धोका सांगितला होता. २००२ साली लार्सन-बी हा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा थर काही आठवड्यांत फुटला. त्याने स्वतः पातळी जवळजवळ चढवली नाही, कारण तो आधीच तरंगत होता. पण मागच्या हिमनद्या वेगाने समुद्रात सरकू लागल्या, आणि त्यांनी आणलेला बर्फ मात्र पूर्णपणे नवी भर होता.